वाचकांचे प्रश्न : सहलीचा शेवटचा दिवस

प्रश्न : आमच्या ग्रुप टूरच्या शेवटच्या दिवशी सकाळी स्थलदर्शन, दुपारी खरेदी आणि रात्री विमान आहे. परदेशात खरेदीवर भरलेला टॅक्स परत मिळतो म्हणतात, तो कसा? आणि सामानाचं काय?

उत्तर : टॅक्स रिफंड सगळ्या देशांत नसतो, आणि असला तरी बहुतेक ठिकाणी ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवरच. पैसे देताना पासपोर्ट दाखवून दुकानातूनच फॉर्म भरून घ्या. नुसत्या बिलावर नंतर सहसा काही होत नाही. खरी चूक विमानतळावर होते. बॅग आधी चेक-इन होते, मग कस्टम्सवाला वस्तू दाखवा म्हणतो, आणि ती तर पट्ट्यावरून आत गेलेली! म्हणून आधी फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का, मग चेक-इन. वस्तू वापरायला काढू नका, टॅगही ठेवा. रांगेसाठी तासभर जादा हवा, हे टूर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगा. बस एकट्यासाठी लवकर निघत नाही.

अत्तर, जॅम, सॉस चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. हो, जॅमसुद्धा द्रवातच धरतात; केबिनमध्ये साधारण १०० मिलीपर्यंतचीच बाटली चालते, अर्धी रिकामी असली तरी मोजतात तिचं माप. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच. हॉटेल सोडण्यापूर्वी हातकाट्यावर बॅग तोला आणि मर्यादेपेक्षा किलोभर कमीच भरा, काटे थोडे मागेपुढे दाखवतात.

उरलेली नाणी तिथेच खर्चा. मनी चेंजर सहसा नोटाच घेतो.