मांजरीला किडनीचा जुना आजार निघालाय, कोणते सप्लिमेंट सुरू करू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या चिंगीचे दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय की मांजर १२ वर्षांची आहे, शिरपूरला तपासलं, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) ३.४ आलं, डॉक्टर म्हणाले किडनीचा जुना आजार आहे, आणि आता ओमेगा ३, बी १२, प्रोबायोटिक, पुनर्नवाचं सिरप असं बरंच काही दिसतंय तर यातलं काय देऊ, सगळंच दिलं तर चालेल का. सगळंच नका देऊ. रिपोर्टमध्ये काय कमी झालंय आणि काय वाढलंय ते आधी बघा, त्याच्यापुरतं एकच काहीतरी डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि या सगळ्याच्या आधी ती खातेय किती आणि पाणी पितेय किती हे बघा. मी काही डॉक्टर नाही, अमळनेरला राहतो, चिंगीला हाच आजार होता आणि तो कळल्यानंतर ती अडीच वर्षं आमच्यात होती, तेवढ्या अनुभवावर आणि तेव्हा जे वाचलं विचारलं त्यावर सांगतो.

आमच्याकडे कळलंच उशिरा. चिंगी मोरीत जाऊन बादलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून पाणी प्यायची, लपलप लपलप, बराच वेळ. मे महिना होता, बाहेर ४४ डिग्री, आम्ही म्हटलं उन्हाळाय, तहान लागणारच. मग तिच्या वाळूतले लघवीचे गोळे मोठे मोठे व्हायला लागले, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, तेव्हा कुठे तपासणी केली. या आजाराचं असंच असतं, बाहेरून काही दिसेपर्यंत किडनीचं दोन तृतीयांश काम गेलेलं असतं. गेलेलं कशानेच परत येत नाही, कोणत्याही पावडरीने नाही, हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे निर्णय सोपे जातात. उरलेल्या किडनीवर भार कमी करायचा आणि जे अंगातून निघून जातंय ते भरून काढायचं, बस.

आता माझ्या हातून जे चुकलं ते आधी सांगतो कारण तुम्ही तेच करायच्या बेतात दिसताय. चिंगी अशक्त दिसायची म्हणून मी एका मेडिकलवाल्याला विचारलं, त्याने माणसांचं कॅल्शियम आणि डी ३ चं सिरप दिलं, म्हणाला थोडं थोडं द्या हाडं मजबूत होतील. मी १५-२० दिवस दिलं. ती अजूनच मलूल झाली, खाणं सोडलं, रक्त तपासलं तर कॅल्शियम वाढलेलं आणि फॉस्फरस तर आधीच वाढलेला होता. किडनी बिघडली की फॉस्फरस बाहेर पडत नाही, त्यात वरून कॅल्शियम आणि डी घातलं की दोन्ही मिळून किडनीच्या मांसातच साचायला लागतात. म्हणजे ज्याला वाचवायचं त्यालाच मी दगड बांधत होतो. डॉक्टरांनी ते बंद केलं, सलाईन दिलं, सावरली ती, पण ते दिवस मला अजून टोचतात. कॉड लिव्हर ऑइलचंही तसंच आहे, लोक त्याला माशाचं तेल समजून देतात पण त्यात ए आणि डी व्हिटॅमिन भरपूर असतं. ओमेगा ३ साठी साधं फिश ऑइल वेगळं, कॉड लिव्हर वेगळं, डबीवर नीट वाचून घ्या.

ओमेगा ३ वर आलोच आहे तर, आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगतं की जवसाचं तेल द्या, घरचंच आहे, जवसाची चटणी आपण रोज खातो. माणसाला ठीक आहे. मांजरीच्या अंगात जवसातल्या ओमेगाचं ईपीए-डीएचए मध्ये (म्हणजे अंगाला खरं लागणाऱ्या ओमेगा ३ मध्ये) रूपांतर जवळजवळ होत नाही, ते तिला माशातूनच मिळायला पाहिजे. फिश ऑइलचा किडनीला थोडा फायदा होऊ शकतो, पण जास्त झालं तर जुलाब लागतात, आणि किडनीवाल्या मांजरीला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी गेलं. किडनीचं तयार खाद्य चालू केलं तर त्यात बऱ्याचदा ते घातलेलंच असतं, मग वेगळं कशाला.

त्या खाद्याचं मी जरा जास्त बोलणार कारण सप्लिमेंटच्या नादात लोक ते विसरतात. या आजारात आयुष्य वाढतं असं ज्याच्याबद्दल खात्रीने सांगता येतं ते म्हणजे कमी फॉस्फरसचं, मोजक्या प्रोटीनचं किडनीचं खाद्य. महाग आहे, आपल्या गावात मिळत नाही, जळगाव-धुळ्याला किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, सगळं खरंय. पण पैसे मर्यादित असतील तर पाच डब्या सप्लिमेंट घेण्यापेक्षा ते घ्या. एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळून तीन-चार आठवडे घ्या. आणि नाहीच खाल्लं तर "भूक लागली की खाईल" असं करून उपाशी ठेवू नका, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की तिच्या लिव्हरवर चरबी चढते आणि ते वेगळंच संकट. आमच्या आईने तिच्यापुढे बसून बोटाला लावून चाटवलंय, "काय व्हयनं व माय तुले, खाय ना" म्हणत म्हणत, अर्धा अर्धा तास. त्या आईच्या बोटाने जेवढं काम केलं तेवढं कोणत्या गोळीने केलं नसेल.

दूध-पोळी, दूध-भाकर चालू असेल तर कमी करत आणा, दुधात फॉस्फरस बराच असतो. सुकट, बोंबील, हाडांसकट मटण-चिकन पण नको. घरचं द्यायचंच तर बिनहाडाचं चिकन उकडून, उकडलेलं पाणी टाकून द्या, पण नुसतं चिकन म्हणजे पूर्ण जेवण नव्हे, त्यात टॉरिन (मांजरीला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) आणि बाकीचं पुरेसं बसत नाही. टॉरिन कमी पडलं की मांजरीचं हृदय मोठं आणि कमजोर होतं हे १९८७ साली सिद्ध झालं, तेव्हापासून तयार खाद्यात ते बघून घालतात. पूर्ण घरच्या खाण्यावर ठेवणार असाल तर टॉरिनचं नक्की विचारा, आणि वरणभातावर तर मांजर ठेवूच नका, तुमचं घर शाकाहारी असलं तरी.

आता रिपोर्टचं. आपल्याकडे रक्त बहुतेक माणसांच्या लॅबमध्येच तपासतात आणि कागदावर नॉर्मल रेंज माणसाची छापलेली असते, ती बघून घाबरू नका किंवा निश्चिंतही होऊ नका. मांजरीचं क्रिएटिनिन २.९ ते ५.० असलं की आजाराच्या चारपैकी तिसरी स्टेज धरतात, म्हणजे तुमचं ३.४ तिथे येतं, पण अंगातलं पाणी कमी असताना घेतलेलं रक्त असेल तर आकडा फुगतो, म्हणून सलाईन वगैरे होऊन ती जरा सावरल्यावर परत एकदा करून घ्या. सोबत फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन आणि जमलं तर बीपी. बीपी राहूनच जातं, आणि वाढलं तर एका रात्रीत मांजर आंधळी होऊ शकते.

फॉस्फरस तिसऱ्या स्टेजला ५ च्या खाली ठेवायचा असतो. किडनीच्या खाद्यानेही तो उतरला नाही तर फॉस्फेट बाइंडर देतात. हे खरं कामाचं, पण ते जेवणातच मिसळावं लागतं, कारण ते पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवून शीवाटे बाहेर काढतं, उपाशीपोटी दिलं तर वाया. कोणतं आणि किती ते डॉक्टरांनीच ठरवायचं, आमच्यासारखं कॅल्शियम वाढलेलं असेल तर कॅल्शियमवालं बाइंडर चालत नाही.

पोटॅशियमचं मी डोळ्यांनी बघितलंय. एक दिवस चिंगी चालताना मान खाली घालून चालायला लागली, हनुवटी छातीला टेकलेली, डोळे मात्र वर करून बघायची. मला वाटलं मानेला मार लागला असेल. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं पोटॅशियम, आणि कमीच निघालं. सारखी लघवी होते त्यातून ते वाहून जातं. त्यांनी मोजून दिलेलं पोटॅशियम चालू केल्यावर आठवड्याभरात मान वर आली आणि ती परत ओट्यावर उडी मारायला लागली. आता हे वाचून तुम्ही स्वतःहून पोटॅशियम देऊ नका, कारण पुढच्या स्टेजला काही मांजरींचं ते उलट वाढतं आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं. शेजारचे एक काका मला म्हणायचे केळं कुस्करून दे, नारळपाणी पाज, आपल्याकडे केळी काय कमी आहेत. भावना चांगली होती त्यांची, पण आकडा बघितल्याशिवाय नाही.

बी १२ आणि बी कॉम्प्लेक्स त्या मानाने निर्धोक, जास्तीचं लघवीतून निघून जातं, आणि भूक कमी असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात, आमच्या चिंगीला फरक पडला होता. माणसांची टॉनिकं मात्र नको, काहींमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं जे मांजरीच्या लाल पेशी खराब करतं. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाचं टॉनिकही आपल्या मनाने नको, किडनीच्या आजारात रक्त बहुतेक वेळा लोहामुळे कमी होत नाही, रक्त बनवायला सांगणारं जे हार्मोन किडनी तयार करते तेच कमी पडतं.

प्रोबायोटिक (आतड्यातले चांगले जंतू) रक्तात साचलेला युरिया ओढून घेतं असं लिहिलेलं असतं, पण खाण्यावर भुरभुरून दिलं तर त्याचा उपयोग दिसलेला नाही. पुनर्नवा, गोखरूचं म्हणाल तर आयुर्वेदावर माझा राग नाही, घरात आईला चालू असतं, पण मांजरीच्या लिव्हरमध्ये काही गोष्टी पचवून बाहेर टाकायची यंत्रणाच अपुरी असते, म्हणून तर माणसाला रोजची वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते. जे मांजरींवर तपासलेलंच नाही ते आधीच अधू झालेल्या किडनीवर नको. भस्म असलेलं काही तर अजिबातच नको.

पाणी मात्र कितीही द्या. आम्ही घरात तीन ठिकाणी मातीची पसरट भांडी ठेवली होती, दिवसातून दोनदा पाणी बदलायचो, आणि खाणं ओलं करून द्यायचो, फक्त उन्हाळ्यात ओलं खाणं तासाभरात उचलून घ्या. नंतर नंतर डॉक्टरांनी सलाईन घरी द्यायला शिकवलं, कातडीखाली. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, थंडीत आधी कोमट पाण्यात ठेवायची, मानेमागची कातडी उचलून सुई घालायची, आणि मग खांद्यावर पाण्याचा फुगा येतो तो हळूहळू पोटाकडे उतरतो. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते, महिन्याभराने ती आईच्या मांडीवर घुरघुरत पडून घ्यायची. तेही डॉक्टर म्हणतील तेवढंच, हृदय कमजोर असेल तर जास्त पाणी छातीत भरतं.

उद्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात तिला जे जे देताय त्या सगळ्याच्या बाटल्या-डब्या पिशवीत घालून सोबत न्या, नुसती नावं सांगू नका. आणि एखादं काही सुरू केलं तर दोन आठवडे दुसरं नवीन काही नको, वजन किचनच्या काट्यावर किंवा तिला घेऊन उभं राहून दर रविवारी बघा आणि कॅलेंडरवर लिहा. फॉस्फरस आणि पोटॅशियमचे आकडे आले की इथेच लिहा, माझ्याकडे चिंगीच्या अडीच वर्षांच्या सगळ्या रिपोर्टची फाईल अजून आहे, कोणत्या आकड्याला डॉक्टरांनी आम्हाला काय सांगितलं होतं ते बघून सांगतो.