सरळ रेषेला शॉक आणि ओ पॉझिटिव्ह मुलगा

तुमचा प्रश्न असा आहे: "टीव्ही मालिकांमध्ये मेडिकलचं काहीही का दाखवतात? कथेत एवढी भोकं का असतात? लेखक साधं गूगलसुद्धा करत नाहीत का?"

करतात हो. मी चार वर्षं मराठी डेली सोपचे संवाद लिहिलेत, आणि गूगल करूनही काहीही लिहिलंय. तेव्हा हे उत्तर आरोपीच्या पिंजऱ्यातून आलंय असं समजा.

माझी ताई आयसीयूत नर्स आहे. एका मालिकेत मी नायकाच्या वडिलांना हार्ट अटॅक दिला. मॉनिटरवर सरळ रेषा, टूंऽऽ असा आवाज, डॉक्टर शॉक द्यायची दोन पॅडल एकमेकांवर घासतो, "क्लिअर!" म्हणतो, झटका, आणि रेषा परत नाचायला लागते. एपिसोड लागला त्याच रात्री ड्यूटीवरून ताईचा फोन. "अरे मुडद्या, सरळ रेषेला शॉक देतात का?"

शॉकने बंद हृदय सुरू होतं, हा आपला समज बहुतेक गाडीच्या बॅटरीवरून आलाय. प्रत्यक्षात काम उलटं असतं. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे स्नायू जो तो आपापल्या तालात थरथरत असतात, रक्त पुढे जात नाही. शॉक तो गोंधळ एका फटक्यात थांबवतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ठोके देणारा भाग परत ताबा घेऊ शकतो. सरळ रेषेत थांबवायला गोंधळच उरलेला नसतो. तिथे छाती दाबत राहायची, दर ३ ते ५ मिनिटांनी ॲड्रेनलिन द्यायचं आणि हृदय कशामुळे थांबलं ते शोधायचं.

पुढच्या वेळी मी शहाणपणा केला. सीनमध्ये सरळ रेषेऐवजी वेडीवाकडी थरथरणारी रेषा लिहिली. चॅनलची क्रिएटिव्ह, म्हणजे कथा पास करणारी बाई, म्हणाली, "पण रेषा हलतेय म्हणजे माणूस जिवंत आहे ना? काकूंना कसं कळणार?" मला तेव्हा राग आला होता, पण तिचं चूक नव्हतं. मालिका बघतात त्यापेक्षा ऐकतात जास्त. प्रेक्षक टीव्हीकडे पाठ करून पोळ्या लाटत असतो. टूंऽऽ ऐकू आलं की तो लाटणं हातात घेऊन वळतो. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनला असा स्वतःचा आवाज नाही. आमची सरळ रेषा परत आली.

अजून एक. मालिकेतले डॉक्टर कोपर वाकवून छातीवर हळूच हलल्यासारखं करतात, त्यावर तुम्ही सगळे हसता. खरं सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हात ताठ ठेवून, छाती ५ ते ६ सेंटीमीटर आत जाईल इतक्या जोराने द्यायचं असतं. बरगड्या मोडतात कधीकधी, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. आमच्या खाटेवर मात्र पासष्ट वर्षांचे ज्येष्ठ नट झोपलेले होते, नाडी उत्तम चालू, आणि संध्याकाळी त्यांचा नाटकाचा प्रयोग. त्यांची बरगडी कोण मोडणार? त्या वाकलेल्या कोपरांत अज्ञान नाही, माणुसकी आहे.

ताईची खरी तक्रार वेगळी होती. नातेवाईक आयसीयूच्या दारात उभे राहून विचारतात, "शॉक का देत नाही?" आणि शेवट काय होणार याचा अंदाज त्यांनी टीव्हीवरून बांधलेला असतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात १९९६ साली एक अभ्यास आला होता. अमेरिकन टीव्ही कार्यक्रमांचे ९७ भाग बघून त्यांनी हिशेब केला, तर सीपीआर दिलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के तिथल्या तिथे वाचत होते आणि ६७ टक्के घरी जातील असं दाखवलं होतं. खऱ्या इस्पितळात असे आकडे मिळत नाहीत. हे वाचल्यापासून मी तरी रुग्णाला पुढच्याच एपिसोडमध्ये उठवून सुनेशी भांडायला लावलं नाही. दोन एपिसोड थांबलो.

पण हे सगळं विज्ञानाच्या चुकांचं झालं. कथेतलं भोक ही वेगळी भानगड आहे आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेतला बाथटबचा प्रसंग घ्या. त्यातला जेसी हा पोरगा हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये प्रेत विरघळवायला जातो आणि टब, छत सगळं खाली येतं. २०१३ साली 'मिथबस्टर्स' या अशा गोष्टी तपासणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाने करून बघितलं, टब काही वितळला नाही. त्याच मालिकेला पुढे डॉना नेल्सन नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका सल्ला द्यायला लागल्या. हा प्रसंग मात्र चुकीचा असूनही आजही लोकांना आवडतो. कारण जेसीला प्लास्टिकचं पिंप आणायला बजावलेलं असतं, तो ऐकत नाही आणि त्याची शिक्षा त्याला मिळते. विज्ञान चुकलं, माणसाचा स्वभाव दाखवायला चुकले नाहीत.

माझं भोक याहून लाजिरवाणं होतं. जत्रेत हरवलेला मुलगा वीस वर्षांनी भेटतो, अपघात होतो, रक्त लागतं, आणि आई किंचाळते, "ओ पॉझिटिव्ह! म्हणजे हाच माझा सोन्या!" भारतात साधारण दर तीन माणसांत एक ओ पॉझिटिव्ह. विरार लोकलचा डबा धरला तर एक तृतीयांश डबा तिचाच. रक्तगट जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही. फार तर न जुळल्यावर शंका घेता येते. शॉकची चूक काढून टाकली तरी म्हातारा वाचलाच असता, कारण त्यांच्या पुढच्या महिन्याच्या डेट्स घेतलेल्या होत्या. इथे मात्र कथेचा सगळा ट्रॅकच त्या एका ओ पॉझिटिव्हवर उभा होता.

आणि त्या न जुळण्यातही किती मोठी कथा आहे, हे ताईने मला ट्रॅक संपल्यावर सांगितलं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक रक्तगट शोधला, त्याचं नावच बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी हे रक्तगट ज्या एच नावाच्या पदार्थावर तयार होतात, तोच या लोकांत नसतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, पण पोटात बीचं जनुक लपलेलं असू शकतं. म्हणजे आई ओ, वडील ओ, आणि मूल बी! सासू थयथयाट करणार, नवरा संशय घेणार, आणि सून पूर्ण निर्दोष. वर तिला रक्त चढवायची वेळ आली की ओची एकही पिशवी तिला चालत नाही, बॉम्बे गटाचाच दाता लागतो, आणि तसे दाते फार थोडे.

मी नाचतच मीटिंगला गेलो. सगळं नीट समजावलं, फळ्यावर जनुकंसुद्धा काढली. सगळे पाच मिनिटं गप्प. मग एकजण म्हणाला, "सर, कल्पना भारी आहे. पण रक्तगटाला शहराचं नाव? लोकांना खोटं वाटेल."

शेवटी सुनेला जुळी बहीण आणली.