"मॅडम, आता वाचावंसंच वाटत नाही"

"मशिननं लिहिलेलंच तपासायचं, तर मी कशाला हवा?" मुलं एआयकडून लिहून आणतात, म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणारे प्राध्यापक हल्ली हे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यांतल्या एका सरांची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

सर समाजशास्त्राचे, तालुक्याच्या कॉलेजात बावीस वर्षं. झोप उडालेली, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून ठेवलेला. पहिल्या भेटीत ते मुलांवरच बोलले. 'आपल्या गावचा आठवडी बाजार' हा विषय दिला होता. आलेल्या प्रकल्पांत बाजार 'बहुआयामी' होता, 'सामाजिक सलोख्याचं प्रतीक' होता. मेथीची जुडी कितीला, हे एकातही नव्हतं. मला हसू आलं. तेही हसले आणि एकदम गप्प झाले.

खरं दुखणं दुसऱ्या भेटीत निघालं. एका मुलीला त्यांनी भर वर्गात उभं केलं होतं: "हे तुझं नाही." मजकूर एआयनं लिहिलाय का, हे सांगणाऱ्या फुकटच्या एका डिटेक्टरनं ९० टक्के एआय दाखवलं होतं. दोन दिवसांनी ती कच्ची वही टेबलावर ठेवून गेली. पानोपानी खाडाखोड, बाण काढून जोडलेली वाक्यं. ती काही बोलली नाही, सरही नाही. तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसते.

मी सांगितलं, चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच आपला डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्यांच्याच चाचणीत माणसांनी लिहिलेल्या मजकुरांपैकी ९ टक्के त्यानं एआयच्या खात्यात टाकले होते, तेही इंग्रजीतले. मराठीचं काय घेऊन बसलात!

"म्हणजे चूक माझीच."

"त्या मुलीपुरती, हो." समुपदेशकानं इतकं थेट बोलू नये म्हणतात. मी बोलले.

माफी मागायला त्यांना तीन आठवडे लागले. वर्गात मागितली तर बाकीचे डोक्यावर बसतील, ही भीती. शेवटी वर्गातच मागितली. कोणी डोक्यावर बसलं नाही; दोघांनी मात्र नंतर येऊन आपलं लिखाण मोबाइलचं असल्याचं कबूल केलं.

आता एका वर्गाला ते प्रकल्पावर पाच-पाच मिनिटं तोंडी विचारतात. सत्तर मुलं म्हणजे जवळपास सहा तास, आणि विभागात दोन जागा रिकाम्या. सगळ्या वर्गांना हे जमणार नाही, हे त्यांनाही कळतं. झोप थोडी सुधारली आहे. अर्ज अजून कॉम्प्युटरवर आहे. तो पुसा असं मी म्हटलेलं नाही.