रात्री बारा-एकला तंबूच्या जागी पोहोचलो, तर तिथं वागायचं कसं?

पुण्याहून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार, छत्रपती संभाजीनगरकडच्या म्हैसमाळजवळ तंबूच्या जागी पोहोचायला रात्रीचे बारा-एक होणार, मग आधीच झोपलेल्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. खुलताबादच्या बाजूला आमचं शेत आहे, त्यात पाच-सहा तंबू लावलेले असतात. त्यामुळं उशिरा येणारे पाहुणे मला चांगलेच पाठ आहेत.

फोन दिवस मावळायच्या आत करा. बारा वाजणार हे कळलं की मी कुत्रं बांधतो, वाटेवर दिवा ठेवतो आणि शेजारच्या वस्तीवर सांगून येतो. न सांगता अनोळखी गाडी आडरानात शिरली की लोक चोर समजून काठ्या घेऊन उठतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

डांबरी सोडून आत वळलात की हेडलाइटचा अप्पर बंद. गाडी आली तशी नाकासमोर उभी करा, वळवायची ती सकाळी. रिव्हर्सला गाणं वाजणारी गाडी रात्री एकला मागंपुढं झाली की सहाही तंबू उठून बसतात, हे मी पाहिलंय. दार एकदाच उघडा, सामान एकदाच काढा, आणि रिमोटच्या टुकटुकीपेक्षा चावीनं लॉक करा. आवाजाच्या नियमात रात्र म्हणजे १० ते ६, पण आमच्या रानात नऊलाच मध्यरात्र होते.

मोकळी जागा दिसली म्हणून गाडी रानात घालू नका. शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज लाइट आमच्याकडं पाळीनं रात्रीही येते, मग रानाला पाणी रात्रीच द्यावं लागतं. नुकतं भिजवलेलं काळं रान अंधारात कोरड्यासारखंच दिसतं, मग चाक रुतलं की ट्रॅक्टरसाठी मलाच उठवावं लागतं. रात्री एकला बॅटरी घेऊन कुणी बांधावर दिसला तर तो दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघालेला असतो. त्याच्या तोंडावर मोबाइलचा उजेड मारू नका. "रामराम मामा" एवढं म्हटलं तरी पुरतं.

तंबू स्वतःचा आणणार असाल तर माझी फजिती ऐका. पैठणजवळ एका शेतात आम्ही चौघं साडेबाराला पोहोचलो. मुरमाची जमीन, खिळे आत जाईनात, म्हणून दगडानं अर्धा तास ठोकत बसलो. सकाळी मालकाचे वडील आले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "रातभर खुटे ठोकत होता, जनावरं कुठायत?" तेव्हापासून उशीर झाला की मी तंबू नुसता उभा करतो, कोपऱ्यांत पाण्याचे कॅन ठेवतो आणि खिळे सकाळी मारतो. वारं फार असेल तर सरळ गाडीतच झोपतो. कॅनऐवजी दगड ठेवायचे असतील तर अंधारात हात घालून उचलू नका, खाली विंचू असतो. तंबूची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावा. मण्यार (विषारी साप) रात्रीच फिरते, अंथरुणातही शिरते.

जेवण रस्त्यातच उरकून या. रात्री एकला "काकू, काही गरम मिळेल का" विचारलं तर आमची आई नाही म्हणत नाही. पिठलं-भाकरी टाकते आणि पाचला पुन्हा धारा काढायला उठते. शेकोटीचंही तसंच, ती दुसऱ्या रात्री.

पैसे, आधार कार्ड, नावं लिहिणं हे सगळं सकाळच्या चहाला. रात्री फक्त तंबू कुठला आणि संडास कुठं, एवढंच विचारा.

आणि हो, श्रावणातल्या शुक्रवारी येत असाल तर संभाजीनगर सोडल्यापासून गाडी हळू घ्या. शनिवारच्या दर्शनाला भद्रा मारुतीकडं निघालेले लोक त्या रात्री खुलताबादच्या रस्त्यानं पायी चालत असतात. तेवढा अर्धा तास जास्तीचा धरा आणि मला फोनवर तीच वेळ सांगा.