वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात का कोलमडते?

प्रश्न : वैद्यकीय प्रवेश परीक्षेला सहा महिने उरले आहेत. रोज बारा तासांचे वेळापत्रक मी तीनदा आखले आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्या आठवड्यात मोडले. शिवाय महिन्यापूर्वी वाचलेला धडा पुन्हा उघडला, की तो पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे वाटते. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या पत्रातील दोन तक्रारी मला एकच वाटतात. वेळापत्रकात तुम्ही फक्त नव्या धड्यांना जागा दिली असणार. मागचे विसरले की ते पुन्हा वाचावे लागते, त्याला जागा नसल्यामुळे नवे मागे पडते आणि मग सारेच विस्कटते. यात तुमच्या जिद्दीचा दोष नाही, आखणीचा आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाठ केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विसरणे सर्वांत झपाट्याने होते आणि पुढे तो वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणून नवा धडा वहीत मांडतानाच त्याच्या पुढच्या तीन भेटींच्या तारखा लिहून टाका: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि साधारण महिन्याने. या भेटी आधी भराव्यात आणि उरलेल्या वेळात नवे धडे बसवावेत. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

भेट म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. परंतु आठवड्यानंतर मात्र उतारा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ती ओळखच फसवते. मूत्रपिंडाचा धडा असेल, तर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातील रक्त गाळणारा सूक्ष्म घटक, काढा, ग्लोमेरुलसपासून संग्राहक नलिकेपर्यंत नावे घाला आणि पाणी कुठे, सोडियम कुठे शोषले जाते ते बाणांनी दाखवा. बाण जिथे अडेल, तेवढाच भाग पुस्तकात पाहा. हे वीस मिनिटांचे काम आहे, पण तासभराच्या वाचनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या उदाहरणांसाठी चुकांची वेगळी वही ठेवा. ‘वायूच्या नियमात तापमान केल्विनमध्ये बदलले नाही’ अशी एकच ओळ लिहावी, पण ती नेमकी असावी. ‘निष्काळजीपणा झाला’ असे लिहून काहीही हाती लागत नाही, कारण त्यातून पुढच्या वेळी काय तपासायचे ते कळत नाही.

बारा तासांबद्दल म्हणाल, तर आधी एक आठवडा काहीही न बदलता, प्रत्यक्षात किती तास एकाग्रतेने अभ्यास होतो ते मोजा. तो आकडा सहा निघाला, तर सहा तासांचेच वेळापत्रक आखा. आठवड्यातील अर्धा दिवस पूर्ण कोरा ठेवा. आजारपण, पाहुणे किंवा अवघड निघालेला धडा यांनी खाल्लेला वेळ तिथे भरून निघतो आणि एक दिवस बिघडला म्हणून सगळा कागद फाडावा लागत नाही. झोपेतून मात्र वेळ काढू नका, कारण दिवसभर शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

शेवटचे सहा आठवडे नव्या धड्यांसाठी धरूच नका. त्या काळात परीक्षेच्याच वेळेला, घड्याळ लावून, मध्ये न उठता पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवा आणि सोडवायला जितका वेळ लागला, निदान तितकाच ती तपासायला द्या. त्या तपासणीत सापडलेल्या चुका त्याच वहीत जातील आणि पुढच्या आठवड्यात कोणता धडा पुन्हा काढायचा, ते तीच वही सांगेल.