भाऊ ख्रिस्ती होतोय, आम्ही हिंदूच राहणार. शेत, लग्न आणि मुलीचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ बाप्तिस्मा घेणार आहे. त्याची बायको आणि आई-वडील हिंदूच राहणार. घर एकत्र, थोडी जमीन वडिलोपार्जित, थोडी वडिलांनी घेतलेली. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. आणि चुलते म्हणतात, "तो धर्मातून गेला, म्हणजे वाट्यातूनही गेला."

चुलते चुकताहेत. धर्म बदलला म्हणून वारसा हक्क जात नाही, हे या देशात १८५० च्या कायद्यापासून ठरलेलं आहे आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही धर्मांतर करणाऱ्या मुलाला अपात्र ठरवलेलं नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या जमिनीत आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण असेल तर तीही, असे सगळे सारखे वाटेकरी. चौघं असाल तर प्रत्येकी चौथा हिस्सा. वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे भावाचं नाव "तो आता आपल्यातला नाही" म्हणून गाळलं जातं, हे मात्र होतं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. नोटिशीवर लक्ष ठेवा, कारण एकदा नोंद प्रमाणित झाली की पुढे अपिलात वर्षं जातात.

वडिलोपार्जित जमिनीचं थोडं वेगळं आहे. सहदायकाने, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क असलेल्याने, धर्म बदलला की त्या दिवशी तो एकत्र कुटुंबापासून विभक्त झाला असं कायदा धरतो. त्या तारखेला त्याचा जो हिस्सा असेल तो त्याचाच राहतो, फक्त तो किती हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. बाप्तिस्म्याच्या आधी, सगळ्यांचे संबंध गोड असताना, वाटणीपत्र नोंदणीकृत करून घ्या किंवा सर्वांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या. लगेच बांध घालायलाच हवा असं नाही, कागद मात्र हवा.

खरा फटका पुढच्या पिढीला बसतो आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ सांगतं की धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं आणि त्यांचे वंशज आपल्या हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेचे वारस होऊ शकत नाहीत. वारसा उघडतो त्या क्षणी ती हिंदू असतील, तरच अपवाद. तुमची पुतणी आधी जन्मलेली आहे, तिला हे लागू नाही. पण भावाला बाप्तिस्म्यानंतर मुलगा झाला आणि दुर्दैवाने भाऊ आजोबांच्या आधी गेला, तर आजोबांच्या जमिनीत नातीला वाटा आणि नातवाला शून्य, असं चित्र होईल. उपाय सोपा आहे: वडिलांचं मृत्युपत्र. ही अपात्रता मृत्युपत्र नसेल तेव्हाच लागू होते. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्रही चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण गावाकडे करून ठेवलेली बरी.

आता उलट बाजू, जी तुमच्या आईसाठी महत्त्वाची आहे. ख्रिस्ती झाल्यावर भावाच्या स्वतःच्या कमाईला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. समजा, तो ३० लाख ठेवून मृत्युपत्राविना गेला. हिंदू असता तर आई, बायको आणि मुलीला प्रत्येकी १० लाख मिळाले असते. ख्रिस्ती म्हणून बायकोला एक तृतीयांश म्हणजे १० लाख, मुलीला २० लाख आणि आईला काहीच नाही. मुलंबाळं असली की त्या कायद्यात आई-वडिलांना वाटा नसतो. आई त्याच्यावर अवलंबून असेल, तर बाप्तिस्म्याच्या आठवड्यातच त्याने मृत्युपत्र करावं. बँकेतलं नॉमिनेशन त्याची जागा घेत नाही.

लग्न आपोआप मोडत नाही. सासरे "आता आमच्या मुलीचं लग्न संपलं" म्हणत असतील तर तसं नाही, आणि भावालाही "माझा धर्म बदलला, मी मोकळा" म्हणता येणार नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे, पण ते वापरायचं की नाही हे हिंदू राहिलेल्या जोडीदाराने ठरवायचं. शिवाय तुमच्या भावजयीला घटस्फोट न घेता वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क आहे. तिने हे करावं असं मी म्हणत नाही. पण तिला हे माहीत असायला हवं आणि भावाने ते तिच्यापासून लपवू नये. तीही पुढे ख्रिस्ती झाली तर १९५६ च्या निर्वाह कायद्याखालचा तो हक्क जातो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची पोटगी मात्र धर्म पाहत नाही. चर्चमध्ये पुन्हा लग्न लावायची गरज नसते, कॅथलिक चर्चही आधीचं लग्न खरंच मानतं.

इथे घाई करू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. भावजयीला वेळ लागू द्या, आणि ती कधीच आली नाही तरी ते घर घरच राहू द्या.

मुलीच्या बाबतीत भावाला स्पष्ट सांगा: आईच्या संमतीशिवाय तिचा बाप्तिस्मा नको. १९५६ च्या पालकत्व कायद्याप्रमाणे हिंदू अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा, नैसर्गिक पालक होण्याचा हक्क धर्म सोडलेल्या व्यक्तीला नसतो. वाद कोर्टात गेला तर न्यायाधीश मुलीचं हित पाहतात, पण भाऊ तिथे पडत्या बाजूने उभा राहील. शाळेच्या आणि बँकेच्या कागदांवर पालक म्हणून आईचं नाव आणि सही ठेवा. मुंबईत १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींच्या पाठोपाठ त्यांचा अज्ञान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा बापाला कोर्टात जाऊन त्याला परत आणावं लागलं आणि त्याला जातीत घेण्यावरून पुढे मोठा वाद पेटला. लहान मूल मधे आलं की दोन्हीकडची माणसं हट्टाला पेटतात.

जातीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगतो. कुटुंब अनुसूचित जातीतलं असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. चर्चला जायचं आणि कागदावर हिंदू राहायचं हा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात केवळ आरक्षणासाठी केलेला दावा म्हणजे राज्यघटनेशी लबाडी आहे असं म्हटलं, आणि त्यात बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात आली. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही.

चर्चची बाजूही समजून घ्या. कॅथलिक चर्च प्रौढ माणसाला लगेच बाप्तिस्मा देत नाही. आधी दीक्षार्थी म्हणून काही महिने, अनेकदा वर्षभर, शिकवण होते आणि बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) एकत्र होतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक, म्हणजे पास्टर, धडे घेतात. कुठे डोक्यावर पाणी ओततात, कुठे पूर्ण बुडवून देतात. जो पाळक आठवड्यात बाप्तिस्मा द्यायला तयार होतो, आजार बरा होईल किंवा कर्ज फिटेल असं सांगतो, किंवा घरातलं देवघर काढून टाका म्हणतो, त्याच्यापासून भावाला दूर ठेवा. देवघर आईचं आहे, त्याचं नाही. नाव बदलणंही आवश्यक नसतं.

कागदपत्रांत चर्चच्या रजिस्टरमधला उतारा, म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला, मूळ आधार. त्यावरून स्वेच्छेने धर्म बदलल्याचं प्रतिज्ञापत्र आणि मग महाराष्ट्र शासन राजपत्रात धर्मबदलाची जाहिरात. आधार कार्डावर धर्म नसतो, पासपोर्टवरही छापत नाहीत, त्यामुळे तिथे धावपळ नको. काही राज्यांत धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांना आगाऊ कळवण्याची अट आहे. हे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात. बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात त्या दिवशी लागू असलेला नियम विचारून घ्या.

घरात सणावाराचं आधीच बोलून ठेवा. गणपतीत तो वर्गणी देईल, पाहुण्यांचं करेल, पण आरतीचं तबक हातात घेणार नाही. नैवेद्याचं ताट तो खाणार की नाही, हे स्वयंपाक झाल्यावर नव्हे तर आदल्या दिवशी आईला सांगावं. वडिलांना अग्नी थोरले म्हणून तुम्हीच द्याल. तो खांदा देऊ शकतो, त्याला अडवू नका.

आणि त्याच्या स्वतःच्या अंत्यविधीचा प्रश्न कोणी विचारत नाही. गावात ख्रिस्ती दफनभूमी आहे का, ती कोणत्या मंडळीची आणि सभासद नसलेल्याला तिथे जागा मिळते का? बस्तरमधल्या एका कुटुंबाला वडिलांच्या दफनाला गावात जागा मिळेना म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये निकाल लागेपर्यंत मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात होता, आणि शेवटी दफन गावापासून वीसेक किलोमीटरवर करायला सांगितलं गेलं. भाऊ ज्या चर्चचा सभासद होणार आहे, तिथल्या पाळकांना किंवा फादरना हे बाप्तिस्म्याआधीच विचारा. कॅथलिकांना १९६३ पासून दहनही चालतं, त्यामुळे गावात जागा नसेल तर तोही मार्ग खुला आहे. त्याची इच्छा काय आहे ते मृत्युपत्राच्या त्याच कागदात लिहून घ्या.