पोटात ठेवलेलं हाड

प्रश्न : बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी वहिनीला डोकं ठणकून झटके आले. मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली. डॉक्टरांनी कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय. गुठळीच का नाही काढली?

उत्तर : ताई, गुठळीवर मुख्य औषध हेपॅरिन. ते गुठळी वाढू देत नाही, मग शरीर ती हळूहळू विरघळवतं. पण शीर तुंबून मेंदू सुजला, तर बंद कवटीत त्याला जागा कुठली? श्वास चालवणाऱ्या भागावर दाब येण्याआधी हाड काढावंच लागतं. पोटातल्या चरबीत ते नीट राहतं. सूज ओसरल्यावर, काही महिन्यांनी परत बसवतात. बाळ कडेवर घेऊन तपासणीला चालत आलेल्या अशा बाळंतिणी मी पाहिल्यात. तोवर डोक्याचं हाड काढलेल्या बाजूच्या कुशीवर झोपवू नका, गोळ्या चुकवू नका. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत कृपा करून सोडा, त्यानंही रक्त घट्ट होऊन गुठळी होऊ शकते!